कान तपासून घे

खिळ्याचा चौथा अल्बम शुक्रवारी सकाळी सहाला यायचा होता. ताई पावणेसहापासूनच कानात हेडफोन घालून स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

ताई म्हणजे कानवाल्या ताई. नाक-कान-घशाच्या एका दवाखान्यात गेली सोळा वर्षं त्या लोकांना काचेच्या खोलीत बसवून कोणाला किती ऐकू येतं ते मोजत होत्या. डॉक्टरांचा सगळा जीव नाकात होता. घसा ते कर्तव्य म्हणून बघायचे आणि कान त्यांनी ताईंवर सोपवून टाकला होता. दिवसभर ताई एकच वाक्य बोलायच्या, "सूर ऐकू आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी." या बाई रॅप ऐकत असतील असं दवाखान्यात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि त्यांनी आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं.

खिळा हा रॅपर. किडकिडीत अंग आणि बारीक कापलेलं टोकदार डोकं, म्हणून शाळेत पडलेलं नाव त्याने तसंच पुढे चालवलं. त्याचा पहिला अल्बम 'कुलूप' आला तेव्हा ताई नव्यानेच नोकरीला लागल्या होत्या. संध्याकाळी घरी आल्यावरही डोक्यात तपासणीच्या मशीनची पिपाणी वाजत राहायची आणि झोप लागायची नाही. कोणीतरी 'कुलूप' ऐकायला दिला. एक माणूस एका दमात चाळीस ओळी म्हणत होता आणि त्यातली एकही वाया जात नव्हती. पिपाणी बंद झाली. तेव्हापासून ताई खिळ्याच्या झाल्या त्या झाल्याच.

नवऱ्याला त्यातलं काही कळत नसे. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. घरी स्पीकर चालू दिसला की पायातले बूट काढता काढता विचारायचा, "आज कोण कोणावर चिडलंय?"

खिळ्याच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. त्याचं नाव 'खिळेठोक' आणि माणसं चार हजार. तिथे ताईंचं नाव 'पडदा' होतं. प्रत्येक अल्बमनंतर पडदा आपलं मत लिहायचा. लोक त्याची वाट बघायचे, कारण पडदा घाई करत नसे आणि 'आग लावली भावा' एवढ्यावर काम भागवत नसे. पडदा बाई आहे की बुवा, हेही कोणाला पक्कं ठाऊक नव्हतं. बहुमत बुवा होतं.

तर, सहा वाजले आणि 'पत्रा' आला. गाणी बारा. पहिल्या गाण्याला ताईंच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या गाण्याला त्यांनी आवाज थोडा कमी केला. पाचव्याला त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं आणि दहावं संपलं तेव्हा आपण गेली दहा मिनिटं दात आवळून उभ्या आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं.

एका ऐकण्यात मत बनवायचं नाही हा त्यांचा शिरस्ता होता. घरच्या स्पीकरवर ऐकून झालं. शनिवारी दवाखान्यात दुपारच्या सुट्टीत, तपासणीच्या खास हेडफोनवरही ऐकून झालं. ते हेडफोन खोटं बोलत नाहीत. मग रविवारी जेवणं आटोपल्यावर टेबलाशी बसून ताईंनी लिहिलं:

"शब्द आजवरचे सगळ्यात चांगले. 'जिन्याखाली'मध्ये त्याने बापाबद्दल जे लिहिलंय ते ऐकून मी भांडी घासायची थांबले. आवाज मात्र पत्रा कापतानाचा आहे. झांजा कानात टोचतात. प्रत्येक 'स' आणि प्रत्येक 'श' टाचणीसारखा घुसतो. चार हजार हर्ट्झच्या पट्टीतलं सगळंच कोणीतरी वर चढवून ठेवलं आहे. ज्याने हे केलं त्याचा एक तर आपल्यावर राग आहे, नाहीतर त्याला तिथलं ऐकू येत नाही. शेवटी मी स्पीकरवर टॉवेलची चौघडी घातली. मग अल्बम फार आवडला."

पहिल्या तासात ग्रुपवर दंगा झाला. "थांबले" या एका शब्दावरून पडदा ही बाई निघाली, याचा धक्का काहींना अल्बमपेक्षा मोठा बसला. एकाने लिहिलं, "मावशी, तो टॉवेल डोक्याला बांधा आणि झोपा." दुसऱ्याने पडदा धुवायला टाकायची वेळ झाल्याचं कळवलं. ताई शांतपणे वाचत होत्या. मतभेद त्यांना नवे नव्हते.

चारच्या सुमारास खुद्द खिळा आला. गेल्या दोन वर्षांत तो ग्रुपवर एक अक्षर लिहायला आला नव्हता. त्याने ताईंच्या मताखाली तीन शब्द लिहिले: "कान तपासून घे."

बघता बघता त्यावर अकराशे हसरी तोंडं जमली.

ताईंनी फोन पालथा ठेवला आणि मोरीवर जाऊन एकच कप बराच वेळ विसळला. नवरा पेपर वाचत होता. एवढं काय आहे त्या कपात म्हणून तो उठून आला.

"काय झालं?"

"खिळ्याने मला उत्तर दिलं."

"अरे वा! सोळा वर्षांनी! काय म्हणाला?"

"कान तपासून घे म्हणाला."

नवऱ्याने थोडा विचार केला. "मग घे की. तुला कुठे लांब जायचंय?"

तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा त्याला जमत नसे. ताईंनी कप पालथा घातला आणि त्यांच्या लक्षात आलं की मुद्दा बरोबर आहे. त्रेचाळिसावं चालू होतं. या वयात कान कुरकुरायला लागलेली माणसं त्यांनी शेकड्याने पाहिली होती, आणि त्यातल्या एकालाही ते स्वतःहून कळलेलं नव्हतं.

सोमवारी दवाखाना उघडायच्या अर्धा तास आधी त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. स्वतःची तपासणी स्वतः करता येत नाही, कारण सूर कधी येणार हे आपल्यालाच माहीत असतं. डॉक्टरांनी त्या मशीनला अकरा वर्षांत हात लावला नव्हता. ताई काचेच्या आत बसून त्यांना खुणेने सांगत होत्या, डावीकडचं, नाही, त्याच्या खालचं, आता फिरवा, एवढं नाही. वीस मिनिटांच्या कामाला पन्नास मिनिटं लागली. कागद बाहेर आला तो डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिला.

"विशीतले कान आहेत हो तुमचे. कोणी शंका घेतली?"

"आहेत एक ओळखीचे."

दुपारी ताईंनी त्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "तपासले. नॉर्मल आहेत." तेवढंच. कागदाच्या तळाला दवाखान्याचं नाव आणि फोन नंबर छापलेला असतो, हे सोळा वर्षं रोज बघूनही त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पुढचा आठवडा रिसेप्शनवरच्या मुलीला जड गेला. फोन यायचे, "पडदा आहे का?" तिने पहिल्यांदा प्रामाणिकपणे विचारलं, "कानाचा की खिडकीचा?" पलीकडे हसण्याचा गदारोळ उठला आणि फोन बंद झाला. दरम्यान कोणीतरी 'कान तपासून घे' असं छापलेले टी-शर्ट काढले. ग्रुपमधले दोघे चेष्टा म्हणून ते टी-शर्ट घालून तपासणीला आले. एकाच्या कानात मळाचा हा एवढा बोळा निघाला. तो गंभीर होऊन आभार मानून गेला. धंदा का वाढला हे डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी त्याचं श्रेय हवेतल्या धुळीला दिलं.

दहाव्या दिवशी सकाळी साडेअकराला एक भरभक्कम बाई आत आली आणि तिच्या मागोमाग टोपी नाकापर्यंत ओढलेला एक किडकिडीत माणूस. बाईने फॉर्म भरला, त्याचं खरं नाव लिहिलं आणि ताईंसमोर खुर्ची ओढून बसली.

"हा माझा धाकटा भाऊ. ह्याचे कान बघा."

"ऐकायला कमी येतं का?"

"ह्याचं म्हणणं, येतं. माझं म्हणणं, हा ऐकत नाही. आता कोणाचं खरं ते तुमचं मशीन सांगेल."

"मला काही झालेलं नाही," टोपीखालून आवाज आला.

ताईंच्या हातातलं पेन थांबलं. तो आवाज त्या सोळा वर्षं रोज ऐकत होत्या. भांडी घासताना, आजारपणात, सासरे गेले त्या दिवशी हॉस्पिटलातून परतताना. त्यांनी पेन पुन्हा चालू केलं आणि फॉर्मवर वय बरोबर आहे का ते पाहिलं. दोन वर्षं कमी लिहिलेलं होतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"या आत. सूर ऐकू आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी."

खिळा काचेच्या खोलीत बसला. त्याने हेडफोन असे चढवले की हा माणूस जन्मभर हेच करत आलाय हे आंधळ्यालाही दिसावं. जाड सूर झाले, मधले झाले, सगळं ठीक. पण तो बटण एकदा दाबायच्या ऐवजी टक टक-टक असं दाबत होता.

"एकदाच दाबा," ताई माईकमधून म्हणाल्या. "ते वाजवायचं नाहीये."

उंच पट्टीतल्या बारीक सुरांपाशी आल्यावर मात्र त्याची बोटं गप्प झाली. मग अचानक तो पटापट बरोबर दाबायला लागला. ताईंनी दोन सूर वाट पाहिली आणि त्यांना उमगलं. तो काचेतून त्यांच्या हाताकडे बघत होता. हात हलला की दाबत होता. ही युक्ती साठीपुढचे लोक नेहमी करतात. ताई उठल्या, आत गेल्या आणि त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून वळवून आल्या.

आता त्याची पाठ तेवढी दिसत होती. ताईंनी तीन हजारांचा सूर सोडला. बटण नाही. आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला तेव्हा कुठे दबलं. चार हजारांना तर एवढा वाढवावा लागला की काचेबाहेर बसलेल्या बहिणीने मान वळवून पाहिलं. कागदावरची रेघ तोपर्यंत सरळ चालत आली होती. ती तिथे जिना उतरावी तशी खाली गेली आणि पुढे पुन्हा थोडी वर चढली. दोन्ही कानांना तेच. कारखान्यातल्या ग्राइंडरवाल्यांची रेघ असते, तशीच्या तशी.

मग शब्दांची तपासणी. ताई हळू आवाजात एकेक शब्द म्हणणार आणि समोरच्याने तो परत म्हणायचा.

"साप."

"ताप."

"फास."

"पाट."

"शीळ."

पाठ क्षणभर हलली नाही. "पीळ," खिळा म्हणाला, आणि मग जरा वेळाने, "चुकलं का?"

"बरोबर-चूक नसतं यात," ताई म्हणाल्या. हेही वाक्य त्या रोज म्हणायच्या. आज ते तोंडातून बाहेर पडायला वेळ लागला. या माणसाने 'कुलूप'मध्ये 'स'वर 'स' रचून एक अख्खं कडवं उभं केलं होतं. तो 'स' त्याला आता ऐकू येत नव्हता. दिसेनासा झालेला माणूस सापडावा म्हणून दिवे मोठे करत जावं, तसा त्याने नव्या अल्बममध्ये तो वर चढवत नेला होता, स्वतःला ऐकू येईपर्यंत. राग नव्हता त्याचा कोणावर.

त्या टेबलाशी आल्या. कागद समोर ठेवला आणि प्रत्येकाला सांगतात तसंच सांगितलं. आतल्या पेशी मोठ्या आवाजाने झिजतात. गेलेल्या परत येत नाहीत. उरलेल्या सांभाळता येतात. स्टेजवर उभं राहताना कानात संरक्षक बोळे घालायचे. कानात घालायची छोटी मशीनं मिळतात, ती लावली तर बरंच भरून निघतं, पण सवय व्हायला दोन महिने लागतात.

बहिणीने खुर्ची भावाजवळ सरकवली. इतका वेळ ती जिंकायला आलेली होती. आता तिने भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

खिळा कागदाकडे बघत होता. "हे किती दिवसांपासून असेल?"

"वर्षांपासून."

"मला कळलं कसं नाही?"

"कोणालाच कळत नाही."

"एकीला कळलं होतं," खिळा म्हणाला. "ग्रुपवर एका बाईने लिहिलं होतं. मी तिला..." तो थांबला. त्याने कागदाच्या तळाला छापलेलं नाव वाचलं. मग बहिणीकडे पाहिलं. बहीण खिडकीबाहेर बघायला लागली.

"पडदा?" त्याने ताईंना विचारलं.

"हो."

बाहेर रिसेप्शनवरची मुलगी कोणाला तरी सांगत होती की नाकाच्या पेशंटनी उजवीकडे बसायचं.

"मी तुम्हाला कान तपासून घ्यायला सांगितलं होतं," खिळा म्हणाला.

"घेतले. नॉर्मल आहेत."

"बघितलं मी." त्याने टोपी काढली. टोकदार डोकं, कडेला पांढरं झालेलं. "चुकलं माझं."

"पण तुमच्यामुळे तपासून तरी झाले," ताई म्हणाल्या. त्यांना आणखी पुष्कळ सांगायचं होतं. पिपाणीचं, सासऱ्यांचं, 'जिन्याखाली'चं. पण टेबलाच्या या बाजूला बसून ते कसं सांगायचं ते त्यांना सुचेना. म्हणून त्यांनी मशीनच्या मापासाठी पुढच्या मंगळवारची वेळ लिहून दिली.

जाताना खिळा दारात वळला. "हे कुठे..."

"इथून काही बाहेर जात नाही."

आणि गेलं नाही. नवऱ्यालाही त्यांनी सांगितलं नाही. ग्रुपवर त्यांची चेष्टा चालूच होती. पडद्याला भोक पडलंय इथपर्यंत मजल गेली होती. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. ताईंनी ते वाक्य एकदा मनातल्या मनात जुळवलं, फार सुरेख जुळलं, आणि तिथेच ठेवून दिलं.

त्या रविवारी नवरा शाळेच्या कामाला गेला असताना त्यांनी चारही अल्बम ओळीने ऐकले. 'कुलूप' स्वच्छ होता. दुसऱ्यातही काही नव्हतं. तिसऱ्याच्या सातव्या गाण्यात त्यांना झांज किंचित वर उचललेली सापडली. ते गाणं त्यांनी तेव्हा कमीत कमी दोनशे वेळा ऐकलं होतं आणि त्यांना ते फक्त ताजं वाटलं होतं. त्यांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग स्पीकर बंद केला. सोळा वर्षांत त्यांना पहिल्यांदाच खिळा ऐकू येईना, नुसतं काम ऐकू येत होतं. पेशंटचा कागद वाचावा तसं. हे किती दिवस टिकणार ते त्यांना माहीत नव्हतं. चांगले तीन आठवडे टिकलं.

दोन महिन्यांनी 'पत्रा' नव्याने आला. गाणी तीच, शब्द तेच, आवाज दुसऱ्याच कोणाच्या तरी कानांनी बसवून घेतलेला. खिळ्याने कारण दिलं नाही. खिळेठोक मंडळींनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी निकाल दिला की जुनाच चांगला होता. त्यात आग होती. हा मऊ झालाय. खिळा म्हातारा झाला. टॉवेलवाल्या मावशीचं ऐकायला लागला, असंही एकाने चेष्टेत लिहिलं. यावेळी पडद्याने मत लिहिलं नाही. लोकांनी दोन-तीनदा विचारलं आणि मग विसरून गेले.

मशीनं लावल्याला दहा आठवडे झाले तेव्हा खिळा तपासणीला आला. एकटाच आला होता. खुर्चीत बसल्याबरोबर सगळे पेशंट करतात ती तक्रार त्याने केली. कागद वाजतात. नळ वाजतो. चपला वाजतात. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या म्हणजे तर अत्याचार आहे.

"त्या आधीही वाजत होत्या," ताई म्हणाल्या आणि मशीनचा आवाज दोन घरं खाली आणला. "आता?"

"आता ठीक." त्याने मांडीवरची टोपी एकदा फिरवली. "लोकांना सांगून टाकू का मी? कानाचं?"

"ते माझ्या कामात बसत नाही."

"मग पडदा म्हणून सांगा."

ताईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर तीन पेशंट होते. त्यांनी मशीनची वायर काढून ठेवली, टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि हात समोर घेतले.

"सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा. पण सांगितलंत तर कोणी तरी ऐकेल आणि वेळेवर तपासून घेईल. आमच्याकडे टी-शर्ट घालून येतात ना, ते उशिरा येतात."

खिळ्याने मान हलवली.

"आणि दुसरं म्हणजे शेवटचं गाणं फार लांब आहे."

"कुठलं? 'सांडपाणी'?"

"साडेसात मिनिटं. चौथ्या मिनिटाला सगळं सांगून झालेलं आहे. पुढे तुम्ही तेच तीनदा म्हणता."

"तेच नाही म्हणत!" खिळा खुर्चीत ताठ झाला. "पहिल्यांदा तो घर सोडतो म्हणून म्हणतो. दुसऱ्यांदा त्याला कोणी शोधत नाही म्हणून म्हणतो."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा..." त्याने हात हवेत उचलला आणि तो तसाच राहिला. "तिसऱ्यांदाचं ऐकलंत का तुम्ही नीट?"

"अकरा वेळा ऐकलं."

"मग परत ऐका!"

"ऐकलं तरी साडेसातच मिनिटं भरेल ते."

खिळा टेबलावर बोट आपटून तालात म्हणून दाखवायला लागला. ताई मधेच थांबवून चूक काढायला लागल्या. बाहेरचे पेशंट एकमेकांकडे बघू लागले. रिसेप्शनवरच्या मुलीने पहिल्यांदाच त्या खोलीतून ताईंचा चढलेला आवाज ऐकला आणि घाबरून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी नाक तपासायची नळी तशीच हातात धरून दार उघडलं.

"काय झालं? ऐकायला येत नाही का त्यांना?"

"येतं," ताई म्हणाल्या. "पटत नाहीये."